देवीला केळी

आमच्या घरी देव हा विषय गुरुवारी असायचा, भूगोलानंतर आणि क्रोशाच्या आधी. वेळापत्रक मी जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूंवर लिहिलं होतं आणि घरी शिजवलेल्या खळीनं फ्रिजवर चिकटवलं होतं. विकतचा डिंक आणणं मला कमीपणाचं वाटायचं. खळ वाळली की देवासकट सगळे विषय जमिनीवर पडायचे आणि माझी मुलगी ते उचलून पुन्हा लावायची. त्याचीही मी वहीत नोंद करत असे, 'जबाबदारीची जाणीव' या मथळ्याखाली.

मुलगी तेव्हा दहा वर्षांची होती आणि तीन वर्षांपासून घरीच शिकत होती. बेंगळुरूत याला होमस्कूलिंग म्हणतात आणि म्हणताना मान जरा तिरपी करतात. नाशिकला माझ्या सासूबाई 'पोरीला घरी बसवलंय' असं म्हणायच्या. सासूबाईंच्या वाक्याचा मला फार राग यायचा.

शाळा सोडवली ती एका ज्वालामुखीवरून. दुसरीतल्या मुलांनी ज्वालामुखीची प्रतिकृती करून न्यायची होती. माझ्या मुलीनं रद्दीच्या लगद्यापासून स्वतःच्या हातांनी एक डोंगर केला. तो जरा एका बाजूला कलला होता, पण होता तिचा. बाकीच्यांनी दुकानातून बॅटरीवर चालणारे आणले. त्यांना तारे मिळाले आणि हिला 'प्रयत्न चांगला' मिळालं. ती ते विसरून डबा खायला बसली असेल. मी विसरले नाही. मी मुख्याध्यापिकाबाईंना शिक्षणाच्या अधोगतीवर चार पानी पत्र लिहिलं, आणि मग ते पत्र खरं करून दाखवायचं म्हणून मुलीला शाळेतून काढलं. फी वाचली हेही होतंच, पण ते पत्रात लिहिण्यासारखं नव्हतं.

मी त्याआधी बोम्मसंद्र्याच्या एका कारखान्यात, डब्यांची झाकणं नीट बसतात की नाही हे तपासायच्या खात्यात होते. ती नोकरी सोडली. आता मुलीचं सगळं नीट बसतंय की नाही हे सकाळी आठपासून तपासायला लागले. नवरा मारतहळ्ळीला कॉम्प्युटरसमोर बसतो आणि घर आमचं बनशंकरीला, म्हणजे त्याचं निम्मं आयुष्य रस्त्यात जातं. मुलीच्या शिक्षणाबद्दलची त्याची मतं तो सिग्नलवर तयार करायचा आणि रविवारी नाश्त्याला मांडायचा. ती ऐकून घेण्याइतका माझा स्वभाव चांगला आहे, फक्त शेवटपर्यंत ऐकण्याइतका नाही.

काटकसर माझ्या रक्तात आहे आणि तिला 'पर्यावरण' हे नाव इथं आल्यावर मिळालं. दुधाच्या पिशव्या धुऊन वाळवायच्या, जुन्या साड्यांच्या गोधड्या करायच्या, नवऱ्याच्या जीन्सचं दप्तर शिवायचं, मागच्या खिशांसकट. ज्या मुलीला शाळा नाही तिला दप्तर कशाला, असा प्रश्न नवऱ्यानं एकदा विचारला होता. मी म्हटलं, टाकाऊतून टिकाऊ. मुलीचे बहुतेक फ्रॉक माझ्या कुर्त्यांमधून निघायचे. आमचा होमस्कूलवाल्या आयांचा एक ग्रुप होता, त्यावर मी त्या फ्रॉकांचे फोटो टाकायची आणि खाली लिहायची, 'तिनं स्वतः टाके घातले.' स्वतः घातलेले टाके मी रात्री उसवून पुन्हा घालत असे, ते लिहायची नाही.

आता देवाचं. माझे वडील देव मानत नसत आणि आई मानत असे, आणि दोघंही एकमेकांना चूक ठरवण्यात इतके गुंतलेले की मला कुणी काही विचारलंच नाही. त्यामुळे चाळिशी जवळ आल्यावर मला देवाबद्दल जिज्ञासा झाली. श्रद्धा नव्हे, जिज्ञासा. श्रद्धेत वाकावं लागतं, जिज्ञासेत वही घेऊन ताठ उभं राहता येतं. मग आम्ही मायलेकी गुरुवारी देव बघायला निघायचो. चर्चमध्ये मी तिथल्या बाईंना विचारलं, की मेणबत्त्यांचं उरलेलं मेण तुम्ही टाकून देता का? दर्ग्यात चादरीच्या किनारीचा टाका कोणता हे मी अर्धा तास बघत होते. गुरुद्वारात आम्ही दोनदा गेलो, कारण एक तर सेवेची भावना समजून घ्यायची होती आणि दुसरं म्हणजे त्या दिवशी घरी स्वयंपाक करावा लागत नाही. घरी आल्यावर मुलगी तक्ता करायची. देवाचं नाव, इमारतीचा आकार, काय खायला मिळालं.

अशा सुखात चाललेलं असताना एका रविवारी नवरा म्हणाला, "पुढच्या जूनपासून हिला शाळेत घालू या का? सहावी आहे, एक परीक्षा घेतात, होईल तिला."

त्यानं इतकंच म्हटलं. मी रडले. म्हणजे डोळ्यांच्या कडा ओल्या होण्यासारखं सभ्य रडणं नव्हे. मी पोह्यांची कढई खाली ठेवली आणि मोठ्यानं, हुंदके देत, वाक्यं पूर्ण करत रडले. नोकरी सोडली ती कुणासाठी, तीन वर्षं राबतेय ती कुणासाठी, ही शाळेत गेली तर मी दिवसभर भिंतींशी बोलू का, माझ्या आयुष्यात दुसरं आहे काय. नवऱ्यानं हात जोडले. म्हणाला, "बरं, नको. विषय संपला." मुलगी बाहेरच्या खोलीत गोधडीसाठी चौकोन कापत बसली होती. तिचं कापणं मध्येच थांबलं होतं, ते मी ऐकलं होतं. चौकोन वाकडा गेला असेल असं मला वाटलं.

त्याच सुमारास मुलगी गप्प झाली.

आधी ही पोरगी दिवसभर बोलायची. कावळा एकाच डोळ्यानं का बघतो, खालच्या अक्कांच्या इडल्या आपल्यापेक्षा मऊ का होतात, समोरच्या बाईंचा कुत्रा फक्त स्कूटरवर का भुंकतो. आणि मी, मला प्रत्येक गोष्टीत धडा दिसायचा. कावळा म्हटलं की पक्ष्यांची वर्गवारी. इडली म्हटलं की आंबण्याची क्रिया. एकदा पडून गुडघा फुटला तर रडं थांबायच्या आत रक्त कसं गोठतं ते मी तिला समजावून सांगितलं होतं. तरी ती बोलायची. आता तिचे शब्द तीनच उरले. हं, चालेल आणि झालं. अभ्यास चोख, टाके सरळ, कुठं तक्रार नाही. ग्रुपवर लिहायला आदर्श मूल, आणि घरात एवढी शांतता की मला मिक्सर लावून बरं वाटायचं.

मला भीती वाटली. खरं सांगते, आतून हललेच. पण भीतीचं मी काय करणार, मी तिचा प्रकल्प केला. लोह कमी असेल म्हणून खजूर, बी-बारा कमी असेल म्हणून रक्ततपासणी, वयात येत असेल म्हणून एक पुस्तक, जे तिनं एका दुपारी वाचून 'झालं' म्हणून परत दिलं. तपासणीत सगळं ठीक निघालं. रोज सकाळी आठाच्या ठोक्याला ती गॅलरीत कुंड्यांना पाणी घालायला जायची, नेमकी त्या वेळी जेव्हा समोर शाळेची बस थांबते आणि कॉलनीतली मुलं धक्काबुक्की करत आत चढतात. बस निघून गेली तरी पाणी घालणं चालूच असायचं. कुंड्यांतलं मनीप्लांट कुजलं. मी वहीत लिहिलं, 'निसर्गाची आवड.' शहाण्याला शब्दाचा मार पुरतो म्हणतात. मला डोळ्यांसमोर बस उभी राहिली तरी पुरली नाही.

शेवटी हे सगळं मी घरमालकीणबाईंना सांगितलं. त्या तळमजल्यावर राहतात, त्यांना सगळी गल्ली अक्का म्हणते. त्यांच्या घरच्यांना बेंगळुरूत येऊन किती पिढ्या झाल्या हे आता त्यांनाही नक्की सांगता येत नाही. रस्त्याला लागून त्यांचं दोरे, बटणं, लेस यांचं दुकान आहे आणि माझे बरेचसे तास तिथं जातात. अक्का माझ्याशी मराठीतच बोलतात. त्या मराठीत कन्नड असं शिवलेलं आहे की जोड कुठं आहे ते दिसत नाही. मी बारा वर्षं इथं राहून भाजीबाजारापुरतं कन्नड शिकले आहे. बाकी माझं हिंदीवर भागतं. माझ्या मुलीनं मात्र अक्कांच्या ओट्यावर खेळता खेळता ती भाषा उचलली होती. तो माझ्या वेळापत्रकातला विषय नव्हता, म्हणून असेल.

अक्का लेस मापता मापता म्हणाल्या, "पोरगी गप हाय की हो अलीकडं. माझ्याशी पण स्वल्पच बोलती."

मी खजुरापासून सगळं सांगितलं.

"अय्यो, त्याला कशाला डाक्टर? कोपऱ्यावरच्या अम्मनच्या देवळात जावा शुक्रवारी. देवीला केळी. सरी होतंय सगळं."

देवीला केळी. साधा, स्वस्त, हंगामाची अट नसलेला उपाय. बाजारात केळ्यांना मी बाळेहण्णु म्हणते, एवढं कन्नड मला येतं, पण अक्का तर मराठीत बोलत होत्या. मला तो सल्ला फारच आवडला. नारळ सांगितला असता तर मी विचार केला असता.

देव हा विषय गुरुवारवरून शुक्रवारवर गेला. मी गाडीवाल्याकडून आदल्या संध्याकाळी डझनभर केळी आणली, साल काळी पडायला लागलेली, कारण ती तो जवळजवळ देऊनच टाकतो. देव भावाचा भुकेला असतो, सालीचा नव्हे. देऊळ छोटंसं आहे, दोन दुकानांच्या मधे, आणि शुक्रवारी सकाळी तिथं बायकांची गर्दी असते. अर्धं लिंबू पिळून, साल उलटी करून, तिच्यात तूप-वात घालून दिवा लावतात. लिंबाच्या रसाचं या काय करतात हे मी दोघीतिघींना विचारलं. त्या माझ्याकडं बघतच राहिल्या. मूर्तीच्या खांद्यांवर पुजारी ओली फुलं ठेवतो आणि एखादं फूल घसरून पडलं की बायकांमध्ये कुजबूज होते, कुणी कपाळाला हात लावते, कुणी हसते. मी मुलीला गुरुत्वाकर्षण समजावून सांगितलं. ती डोळे मिटून उभी होती. मी केळी पुढं केली. पुजाऱ्यानं घेतली, अर्धी देवीपुढं ठेवली, अर्धी परत दिली. घरी येऊन मी वहीत लिहिलं, 'एकाग्रता उत्तम.'

परत मिळालेल्या केळ्यांचं शिकरण झालं. पुढच्या शुक्रवारी पुन्हा. तिसऱ्या आठवड्यात नवरा वाटीकडं बघून म्हणाला, "देवीचं बरं आहे, तिला फक्त दाखवतात." मुलीनं वाटी पुसून खाल्ली आणि "झालं" म्हणाली.

अक्कांनी दुकानातून हाक मारली. "काय हो, केळलं काय?"

मला ऐकू आलं, केळं काय? मी अभिमानानं म्हटलं, "केळं काय म्हणता अक्का, चांगला डझनभर! दर शुक्रवारी!"

अक्कांच्या हातातली कात्री थांबली. "अय्यो देवा. डझन? एका टायमाला?"

"हो. कमी पडली का?"

"असं नाही हो करायचं! एकच केळी. मन लावून केळी. डझनभर असलं की देवी तरी कुठलं कुठलं बघणार?"

मी वरमले. माझी चोरी पकडली गेली होती. मन लावून केळी, म्हणजे काळ्या सालीची, भाव पाडून आणलेली नव्हे, हे त्यांनी किती सभ्यपणे सुचवलं होतं! एकच, पण चांगलं. आणि केळी म्हणाल्या, केळं नाही, तर ते त्यांच्या मराठीत वचनं जरा इकडची तिकडं होतात म्हणून. मी तर उलट सुखावले. श्रद्धा आणि काटकसर यांची अशी गाठ पडलेली मी पहिल्यांदाच पाहत होते. दात कोरून पोट भरत नाही असं माझी आई म्हणायची. देवीचं भरत होतं.

चौथ्या शुक्रवारी मी गाडीवाल्याला पंधरा मिनिटं उभं करून एक एलक्की केळं निवडलं. लहानसं, पिवळंधमक, एकही डाग नाही. एकच केळं घेतलं म्हणून त्यानं ते फुकटच दिलं, वर मान हलवली. ते मी माझ्याच हातच्या क्रोशाच्या रुमालात ठेवलं. मुलीला नवा फ्रॉक घातला, म्हणजे जुना कुर्ता. आम्ही दोघी देवीसमोर उभ्या राहिलो. रांग थोडी होती आणि पुजाऱ्यालाही त्या दिवशी सवड होती. त्यानं मला आता ओळखलं होतं. ही दर आठवड्याला पोरीला घेऊन येते, केळी ठेवते आणि काही न बोलता निघून जाते, याचं त्याला नवल वाटत असावं. त्यानं अगदी मायेनं विचारलं, "एनु केळ्बेकु अम्मा?"

बेकु म्हणजे हवं, हे बाजारामुळं मला येतं. म्हणजे, कुठलं केळं हवं? मी हिंदीत म्हटलं, "नको नको, मी घेऊनच आलेय," आणि ते एक केळं, रुमालासकट, त्याच्यासमोर उंच धरलं.

पुजारी केळ्याकडं बघत राहिला. मी ते आणखी थोडं उंच धरलं.

आणि माझ्या शेजारी कुणीतरी फिसकन हसलं. मग खळखळून हसलं, पोट धरून, खांबाला टेकून. दोन महिन्यांनी मी तो आवाज ऐकत होते. मला आधी कळलंच नाही की माझीच मुलगी हसतेय.

"आई," ती म्हणाली, तिला श्वास घेता येत नव्हता, "आई, केळी म्हणजे विचारा! कन्नडमध्ये! ते विचारतायत, तुम्हाला काय विचारायचंय देवीला?"

मागच्या बायकाही हसल्या. पुजारी हसला, त्यानं केळं घेतलं आणि मोठ्या आदरानं देवीपुढं ठेवलं. ध चा मा झाल्यावर माणसं मेल्याचं आपल्याकडं सांगतात; माझ्या हातून फक्त तीन डझन केळी गेली होती. तरी मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. मी मुलीचा हात धरला आणि बाहेरच्या कट्ट्यावर येऊन बसले.

"केळी म्हणजे विचारा?"

"हो. आणि ऐका पण. दोन्हीला एकच आहे."

"तुला माहीत होतं?"

"हो."

"मग मला सांगितलं का नाहीस? महिनाभर शिकरण खाल्लं आपण."

ती खांदे उडवत म्हणाली, "मला वाटलं तुला केळी पण द्यायची असतील."

ती अजून हसत होती. मी तो क्षण वाया घालवला नाही याचं श्रेय माझ्या शहाणपणाला नाही. मला फक्त चांभारचौकशा करायची सवय आहे. मी म्हटलं, "मग तू डोळे मिटून काय करत होतीस इतके शुक्रवार?"

"विचारत होते."

"काय?"

तिचं हसू थांबलं. तिनं आधी माझ्या तोंडाकडं बघून घेतलं, रस्ता ओलांडताना दोन्हीकडं बघावं तसं.

"की आईला नोकरी लागेल का."

मला वाटलं, पैशांची काळजी करते की काय ही. माझ्या काटकसरीनं पोरीला आपण गरीब आहोत असं वाटायला लागलं असेल. मी म्हटलं, "अगं, बाबांचा पगार आहे की. मला कशाला नोकरी?"

"मग मी शाळेत गेले तर तुला दिवसभर काम असेल. भिंतींशी बोलावं लागणार नाही."

कट्ट्यासमोरून एक रिक्षा गेली, मग दुसरी. मला त्या दोन्ही आठवतात, कारण मी त्यांच्याकडंच बघत होते. ही दहा वर्षांची पोर दोन महिने माझी सोय लावत होती. मी तिला रक्त तपासायला पाठवलं होतं.

"आणि देवी काय म्हणाली?" मी विचारलं. आवाज साधा ठेवला होता.

"उजवीकडचं फूल पडलं की हो, डावीकडचं पडलं की नाही. दोनदा डावीकडचं पडलं. एकदा पडलंच नाही. आज मी विचारायच्या आधी तू केळं वर केलंस."

"मला का नाही गं विचारलंस? देवीला तीन शुक्रवार विचारलंस. मी तर घरातच असते."

तिनं थोडा विचार केला. तिला मला दुखवायचं नव्हतं, ते दिसत होतं. पण मीच तिला खरं आणि नेमकं उत्तर द्यायला शिकवलं होतं.

"देवी नाही म्हणते," ती म्हणाली, "पण ती रडत नाही."

मला वाईट वाटलं. याहून चांगला शब्द मला सापडत नाही आणि मी शोधलाही नाही. मी जे सगळं तिच्यासाठी म्हणून करत होते, ते तीच माझ्यासाठी करत होती. सरळ टाके, चोख तक्ते, पुसलेली वाटी. मुलीला शिकवायला मी घरी बसले असं मी जगाला सांगत होते; खरं तर ती मला सांभाळायला घरी बसली होती. सासूबाईंचं वाक्य बरोबर होतं, फक्त त्याच्यात घरी कोण कुणाला बसवतंय ते त्यांनाही माहीत नव्हतं.

आम्ही उठून घराकडं निघालो. मी शक्य तितकं सहज विचारलं, "कुठली शाळा? ती निळ्या बसची?"

आणि ती सुरू झाली. निळ्या बसचा नंबर तिला पाठ होता. चालक अण्णांचं नाव पाठ होतं. बसमध्ये मागून दुसऱ्या खिडकीत एक चष्मेवाली मुलगी बसते, ती रोज आमच्या गॅलरीकडं बघून हात करते आणि ही तिला झारी हलवून दाखवते. त्या शाळेत मोठ्ठं वडाचं झाड आहे म्हणे. पुस्तकं दर मंगळवारी घरी नेता येतात. मुलं बाईंना घाबरतात, पण एका बाईंना नाही घाबरत. परीक्षेत कन्नड आहे, पण ते सोपं आहे, अक्का करून घेतील. एका मुलीनं डब्यात पाल आणली होती, खरी, जिवंत. पाल म्हटल्यावर माझ्या जिभेवर सरपटणारे प्राणी आले. मी ते गिळले. गल्लीच्या टोकापासून दुकानापर्यंत ती एक क्षण थांबली नाही. अक्कांनी आतून हात केला, "केळलं काय?" असं पुन्हा ओरडून विचारलं, आणि मी फक्त मान हलवली.

जिना चढताना डोळे भरून आले. आता रडायचं नाही, निदान आज तरी नाही, असं ठरवून मी दाराशी थांबले आणि पिशवीत तोंड घातलं. आमच्या पिशव्या मोठ्या शिवलेल्या असतात, त्यात बऱ्यापैकी वेळ काढता येतो.

"आई, रडतेयस?"

"नाही गं. किल्ली शोधतेय."

"किल्ली तुझ्या हातात आहे," ती म्हणाली. तिनं माझा चेहरा नीट पाहिला, सगळा पाहिला, आणि पायरीवर बसून पुढं सांगायला लागली.